जुनी फिल्म आहे का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या जुन्नरच्या गल्लीत पूर्वी दोन-तीन महिन्यांनी एक माणूस यायचा. सायकलच्या कॅरियरवर पोते, हँडलला तागडी लटकवलेली. 'जुने एक्स-रेऽऽ' अशी त्याची आरोळी बोळाच्या तोंडाशीच ऐकू यायची. रद्दीवाले, बाटलीवाले ठाऊक होते. पण माणसांच्या बरगड्यांचे फोटो विकत घेऊन हा काय करीत असेल, याचे मला लहानपणी मोठे नवल वाटे. पुढे कळले, की त्या काळ्या फिल्मवर चांदीच्या क्षारांचा लेप असतो. फिल्म धुऊन ती चांदी वेगळी काढतात. म्हणजे आमच्या आजारपणातून कोणाच्या तरी पायांत पैंजण चढत होते!

१९९०च्या सुमारास एके दुपारी अम्मीने ट्रंकेच्या तळाशी ठेवलेले एक मोठे पिवळे पाकीट त्या माणसाला देऊन टाकले. बदल्यात स्टीलचा एक डबा आला. तो डबा अजून आमच्या घरात आहे. त्यात आम्ही साखर ठेवत असू. त्या डब्याची खरी किंमत आम्हाला कळली ती वीस वर्षांनी.

पाकिटात अम्मीच्या छातीचे एक्स-रे होते. १९८४ साली तिला क्षय झाला होता. दीड वर्ष गोळ्या आणि सुया झाल्या आणि ती बरी झाली. २०११च्या पावसाळ्यात तिला खोकला लागला. गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक डाग दिसला. त्यांनी पुण्याला पाठवले. पुण्याच्या डॉक्टरांनी फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली, बराच वेळ पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, ''जुनी फिल्म आहे का?''

अम्मीने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे.

''आजी, हा डाग पूर्वीही असाच असेल, तर तो जुन्या आजाराचा वण आहे. घरी जाऊन आराम करा. पण नवा असेल, तर मला वेगळा विचार करावा लागेल,'' डॉक्टर म्हणाले.

'वेगळा विचार' म्हणजे काय, ते सांगण्याची गरज नव्हती. मग सीटी स्कॅन झाला. सुई घालून तुकडा काढला. तो तपासून येईपर्यंत अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. निदान आले : जुन्या क्षयाचा वण. परतीच्या एस.टी.त, राजगुरुनगर मागे पडल्यावर अम्मी पहिल्यांदा बोलली. ''डबा महागात पडला रे.''

मी काही डॉक्टर नव्हे. बी.ए. मराठी झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण त्या अकरा दिवसांनी मला हा विषय समजून घ्यायला भाग पाडले. मला व्याकरणाच्या भाषेत तो असा उमगला : शरीराचे एक चित्र म्हणजे नाम. दोन चित्रे शेजारी ठेवली, की त्यांचे क्रियापद होते. डाग 'आहे' एवढेच एक चित्र सांगते. तो 'वाढतो आहे', 'आटतो आहे' की 'जसाच्या तसा आहे' हे सांगायला दुसरे, जुने चित्र लागते. फुप्फुसातली एखादी भरीव गाठ दोन वर्षांत तसूभरही वाढली नसेल, तर ती बहुधा निरुपद्रवी असते, असा डॉक्टर मंडळींचा सर्वसाधारण आडाखा आहे. म्हणजे त्या काळ्या फिल्ममधली खरी चांदी वेगळीच असते. तिच्यावरची तारीख ही ती चांदी.

आता ही चित्रे ठेवायची कुठे आणि दुसऱ्या डॉक्टरपर्यंत पोहोचवायची कशी? प्रश्न आजचा वाटतो, पण तो क्ष-किरणांइतकाच जुना आहे. विल्हेल्म रॉन्टगेन या जर्मन शास्त्रज्ञाने ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे किरण शोधले. २२ डिसेंबरला त्याने बायकोच्या, बर्थाच्या हाताचे चित्र घेतले. हाडे आणि बोटातली अंगठी त्यात स्पष्ट दिसते. १ जानेवारी १८९६ला त्याने आपला निबंध आणि ही चित्रे निरनिराळ्या शास्त्रज्ञांना टपालाने धाडली. पाच तारखेला व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात बातमी झळकली. म्हणजे माणसाच्या अंतरंगाचे पहिलेवहिले चित्र काढल्यापासून दहा दिवसांत ते टपालाच्या पिशवीत पडले होते. रॉन्टगेनने शोधाचे पेटंट घेतले नाही. ज्ञान सर्वांचे, असे त्याचे मत. १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. हात मात्र बर्थाचा होता. तो जगाला दाखवण्यापूर्वी तिला विचारले होते का, याचा विचार माझ्या मनात कधी कधी येतो. या प्रश्नाकडे आपण पुन्हा येणार आहोत.

नोंदी जपण्याचे म्हणाल, तर आम्हा जुन्नरकरांना त्याचे बाळकडूच मिळालेले आहे. आमच्या नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. केलेले यज्ञ, दिलेल्या गायी, घोडे, नाणी यांचा हिशेब त्यात आकड्यांसह कोरलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची ही नोंद. त्यानंतरचा काळ कागदाचा. जुन्नरी कागद एके काळी प्रसिद्ध होता. आमच्या गावातली कागदी घराणी हा कागद हाताने करीत, गुळगुळीत दगडाने घोटून त्याला तकाकी आणीत. पेशवाईतल्या दप्तरांत जुन्नरी कागदाला मान होता आणि त्या काळची हातकागदावरची मोडी पत्रे पुण्याच्या दप्तरखान्यात आजही हाताळता येतात. मग आली एक्स-रेची फिल्म. नीट ठेवली तर तीस-चाळीस वर्षे टिकते. मग सीडी. दहा-पंधरा वर्षांत तिचा भरवसा राहत नाही. आणि आता स्कॅन सेंटरवाले मोबाइलवर 'लिंक' पाठवतात. ती कधी महिन्याभरातच बंद पडते. गंमत पाहा. दगड दोन हजार वर्षे, कागद तीनशे, फिल्म तीस, सीडी दहा आणि लिंक एक महिना! साधन जितके हुशार, तितके त्याचे आयुष्य कमी.

पण नाणेघाट आणखी एक गोष्ट शिकवतो. दगड टिकला, तरी मधल्या शेकडो वर्षांत त्यावरचे अक्षर कोणालाच वाचता येत नव्हते. १८२८ साली सायक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हा लेख पाहिला. ब्राह्मी लिपीचा उलगडा जेम्स प्रिन्सेपने केला तो १८३७च्या सुमारास. तोवर ती नुसती दगडावरची नक्षी होती. मोडीचेही आज तेच होत चालले आहे. दप्तरे आहेत, वाचणारे थोडे. तेव्हा नोंद ठेवणे वेगळे आणि ती वाचता येणे वेगळे. डिजिटल चित्रांबाबत हेच संकट जगापुढे उभे होते. एका कंपनीच्या यंत्रातले चित्र दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर उघडत नसे. त्यावर तोडगा म्हणून अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या आणि यंत्रे बनवणाऱ्यांच्या संघटनांनी मिळून १९८५मध्ये एक समान पद्धत ठरवली. १९९३पासून ती 'डायकॉम' या नावाने ओळखली जाते. डायकॉमला चित्रांची देवनागरी म्हणा. यंत्र कुठल्याही कंपनीचे असो, लिपी एकच. शिवाय या फाइलमध्ये चित्राबरोबर रुग्णाचे नाव, वय, तारीख, यंत्र, कापाची जाडी अशी सगळी माहिती गुंफलेली असते.

'कापाची जाडी' म्हणजे काय? त्यासाठी आपल्याला खोडदला जावे लागेल.

नारायणगावहून खोडदच्या रस्त्याला लागले, की शेतांच्या मध्ये पांढऱ्या जाळीच्या प्रचंड तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. जी.एम.आर.टी., म्हणजे महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या पट्ट्यात पसरल्या आहेत. ही दुर्बीण 'फोटो' काढत नाही. प्रत्येक तबकडीने टिपलेले अतिशय क्षीण रेडिओ संदेश ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती केंद्रात येतात. तिथे प्रत्येक तबकडीची उरलेल्या प्रत्येकीशी जोडी लावून, म्हणजे ४३५ जोड्यांच्या नोंदींवरून, संगणक आकाशाचे चित्र गणिताने घडवतो.

सीटी स्कॅनही फोटो नव्हे. यंत्र शरीराभोवती फिरते, चहूबाजूंनी सावल्या घेते आणि त्या सावल्यांवरून आतला काप कसा असेल, ते गणिताने काढते. पावाची लादी न कापता तिचा एकेक काप पाहावा, तसे. लंडनजवळच्या रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या यंत्राने १९७१ साली पहिल्या रुग्णाचा मेंदू असा पाहिला. १९७९मध्ये त्याला आणि ॲलन कॉरमॅकला नोबेल मिळाले. आणि आता एक धागा सांगतो, जो कळला तेव्हा मी हरखून गेलो होतो. पट्ट्यापट्ट्यांनी घेतलेल्या नोंदींवरून पूर्ण चित्र उभे करण्याचे गणित रेडिओ खगोलशास्त्रात १९५६ साली रोनाल्ड ब्रेसवेल यांनी मांडले. पुढे सीटी स्कॅनच्या मागे त्याच जातीचे गणित उभे राहिले. या ब्रेसवेल यांचे अमेरिकेतले एक शिष्य म्हणजे डॉ. गोविंद स्वरूप. खोडदची दुर्बीण उभारणारे ते हेच. अम्मीच्या छातीतला डाग शोधणारे गणित आणि आमच्या शेतातून आकाशगंगा पाहणारे गणित हे एकमेकांचे चुलतभाऊ निघाले!

म्हणूनच हे चित्र जसेच्या तसे पोहोचणे महत्त्वाचे. सीटीच्या एका कापात ५१२ गुणिले ५१२ ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट धरले, तर एक काप झाला अर्ध्या एमबीचा. चारशे काप असतील, तर दोनशे एमबी. साधारणपणे प्रत्येक ठिपक्याला काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या ४०९६ छटा मिळू शकतात. आपल्या डोळ्यांना इतक्या एकदम दिसत नाहीत. म्हणून डॉक्टर पडद्यावर छटा खालीवर करून कधी हाडे पाहतात, कधी फुप्फुस, कधी रक्त. तेच चित्र फिल्मवर छापून, खिडकीच्या उजेडात धरून, मोबाइलने फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवले, की छटा उरतात जास्तीत जास्त २५६ आणि पाठवताना ॲप फोटो आणखी दाबून लहान करते ते वेगळेच. रागाची सुरावट ऐकवायची आणि तिच्यातल्या श्रुती गाळून टाकायच्या, असला हा प्रकार.

आंबेगावच्या पश्चिम भागातले माझे एक परिचित आहेत. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला त्यांचे गाव. हिरड्याच्या दिवसांत झाडावरून पडले. तालुक्याला आणून एक्स-रे काढला. तिथल्या डॉक्टरांनी सद्भावनेनेच खिडकीशी धरून त्याचा फोटो काढला आणि पुण्याच्या हाडाच्या डॉक्टरांना पाठवला. फोटोत काही दिसेना. मुका मार असेल, असे ठरले. गडी तीन आठवडे लंगडत कामाला जात राहिला. दुखणे थांबेना, तेव्हा मूळ फिल्म घेऊन पुण्याला गेले. खुब्याच्या हाडाच्या मानेला केसासारखी चीर होती आणि आता ती सरकली होती. ऑपरेशन झाले. मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा ते म्हणाले, ''डाक्टरनं काय करावं? त्यांना फोटूचा फोटू दिसला.'' फोटूचा फोटू! या विषयावर याहून नेमके वाक्य मी कुठे वाचलेले नाही. फोटो पाठवू नये असे नाही. घाईच्या वेळी तोही उपयोगी पडतो. पण त्यावर 'काही नाही' असा निकाल मात्र देऊ-घेऊ नये. मूळ फाइल पाठवावी.

मूळ फाइल वेळेत पोहोचली तर काय होते? अर्धांगाचा झटका आला, की मेंदूतली गाठ विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. पण आधी सीटी करून मेंदूत रक्तस्राव नाही, याची खात्री करावी लागते. नाही तर तेच औषध जिवावर बेतेल. आता घोडेगाव-मंचरकडून पुण्याला निघालेली ॲम्ब्युलन्स डोळ्यांसमोर आणा. चाकणच्या कोंडीत ती अडकते, हे सांगायला नकोच. पण स्कॅन जवळपास झालेला असेल आणि त्याचे काप ऑनलाइन पुढे गेलेले असतील, तर गाडी कोंडीत असतानाच पुण्याचे डॉक्टर चित्र पाहून तयारीला लागू शकतात. माणसाआधी त्याचे चित्र पोहोचते. डोंगरपट्ट्यात आहुप्याकडे, तिरपाडकडे मोबाइलला रेंज मिळवायला टेकाडावर चढावे लागते, हेही खरे. खोडदहून अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेचे चित्र जगभर जाते आणि शेजारच्या खोऱ्यातल्या माणसाच्या खुब्याचे चित्र पुण्याला जात नाही, ही आपल्या काळाची विसंगती आहे. ती दूर करण्याचे तंत्र नवे शोधायचे नाही, आहे तेच वरच्या वाड्यांपर्यंत न्यायचे आहे.

घरातले एकच पाकीट पुरत नाही, हेही आमच्या तालुक्यांना सांगावे लागत नाही. जुने आंबेगाव डिंभ्याच्या पाण्याखाली गेले. ३० जुलै २०१४च्या पहाटे माळीणवर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. अशा वेळी माणसांपुढे कागदांचे काय मोल! पण जे वाचतात, त्यांना पुढे जगायचे असते, औषधोपचार घ्यायचे असतात. घर गेले म्हणजे घरातली फाइलही गेली. म्हणून प्रत दुसरीकडे हवी.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१मध्ये देशभर सुरू केलेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये 'आभा' नावाचा चौदा आकडी क्रमांक मिळतो. त्याबद्दल दोन गैरसमज आहेत. पहिला, की क्रमांक काढला म्हणजे आपली सगळी जुनी चित्रे आपोआप तिथे जमा होतात. तसे नाही. या व्यवस्थेत सामील झालेल्या दवाखान्याने तुमची नोंद त्या क्रमांकाशी जोडली, तरच ती दिसते. किंवा तुम्ही स्वतः ती ॲपवर चढवली तर. अनेकदा लेखी अहवाल मिळतो, मूळ चित्रे नाहीत. दुसरा गैरसमज, की सगळे एका मोठ्या सरकारी कोठारात साठते. तेही नाही. नोंद ज्या दवाखान्याची, तिथेच राहते. दुसऱ्या डॉक्टरला ती हवी असेल, तर तो विनंती पाठवतो. तुम्ही मोबाइलवर 'हो' म्हटले, तर आणि तितक्याच मुदतीपुरती ती त्याला मिळते. दिलेली परवानगी मागेही घेता येते. थोडक्यात, आभा ही तिजोरी नव्हे. ती निरनिराळ्या तिजोऱ्यांची पत्ते लिहिलेली वही आहे आणि किल्ली तुमच्याकडे आहे.

आणि किल्ली तुमच्याकडेच का असावी, त्याचे उत्तर महाराष्ट्रानेच जगाला दिले आहे. दुर्दैवाने, उदाहरण होऊन. २०१९ साली ग्रीनबोन नावाच्या जर्मन संस्थेने जगभरातले रुग्णालयांचे चित्र-संगणक तपासले. अनेक ठिकाणी त्यांना पासवर्डच नव्हता. इंटरनेटवरून कोणीही आत डोकवावे आणि रुग्णाच्या नावासकट एक्स-रे, सीटी पाहावेत. नंतरच्या पाहणीत भारतातली अशी उघडी पडलेली चित्रे बारा कोटींच्या घरात निघाली आणि राज्यांत पहिला क्रमांक महाराष्ट्राचा होता. सुमारे तीन लाख आठ हजार नोंदी आणि जवळजवळ सात कोटी चित्रे. ही घरफोडी नव्हती. दारेच सताड उघडी होती. मूळ पद्धत रुग्णालयाच्या चार भिंतींच्या आत वापरण्यासाठी घडवलेली. तिला थेट इंटरनेटच्या चव्हाट्यावर आणून बसवले आणि कडी लावायची राहून गेली. पुढे नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या एम्सच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला, तेव्हा देशातल्या सर्वांत नामांकित रुग्णालयालाही कित्येक दिवस हाताने कागदावर कामकाज करावे लागले. २०२३ साली संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. कायदा आला, हे चांगलेच झाले. पण कडी लावणारा हात माणसाचाच असतो.

खोडदच्या दुर्बिणीचा एक नियम मला इथे आठवतो. ज्या शास्त्रज्ञासाठी निरीक्षण केले, त्याच्याकडे ती नोंद अठरा महिने राखीव असते. नंतर ती सर्वांना खुली होते. ताऱ्यांच्या बाबतीत हे उत्तम. ताऱ्याला अब्रू नसते. माणसाच्या चित्राचे उलटे आहे. ते कितीही जुने झाले, तरी ज्याचे त्याचेच.

हे मला नीट समजले ते अम्मीमुळे. गेल्या वर्षी मी तिचा आभा क्रमांक काढायला बसलो. ती म्हणाली, ''यातून माझे फोटो कोण कोण बघणार?'' मी हसण्यावारी नेले. म्हटले, ''अम्मी, तू बघू देशील तोच.'' ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग चाळीस वर्षांत न सांगितलेली गोष्ट तिने सांगितली. १९८४ साली तिला क्षय झाला, हे गल्लीत कोणाला कळू दिले नव्हते. माझ्या आत्याचे लग्न ठरायचे होते. 'त्या घरात टीबी आहे' एवढे एक वाक्य पुरले असते. अब्बा औषध आणायला नारायणगावला जात, जुन्नरच्या दुकानात नाही. आत्याचे लग्न झाले, पुढे माझ्या बहिणींचे दिवस आले. ट्रंकेतले ते पिवळे पाकीट अम्मीला दिवसरात्र खुपत होते. ''मला डबा नको होता रे,'' ती म्हणाली. ''ते पाकीट घरातून जायला हवे होते.''

इतकी वर्षे मी ही गोष्ट अडाणीपणाची म्हणून सांगत आलो होतो. ती अडाणीपणाची नव्हती, भीतीची होती. आणि त्या दिवसापासून माझे मत पक्के झाले, की नोंद जपणे आणि नोंद झाकणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. आपली गोष्ट चव्हाट्यावर जाणार नाही, असा भरवसा असेल, तरच माणूस ती जपून ठेवतो. तो नसेल, तर चांदीच्या भावातही नाही, स्टीलच्या डब्याच्या भावात ती फुंकून टाकतो. उद्या दवाखान्यांनी कितीही भारी संगणक आणले आणि हा भरवसा दिला नाही, तर माणसे खरे नाव सांगणार नाहीत, जुना आजार सांगणार नाहीत. मग त्या संगणकात साठेल ती नोंद नव्हे, नुसती नक्षी.

म्हणून काही साध्या गोष्टी, घराघरांत करता येण्याजोग्या. स्कॅन झाला, की अहवालाबरोबर मूळ चित्रेही मागावीत. सीडीवर, पेनड्राइव्हवर किंवा लिंकने. लिंक किती दिवस चालेल, ते तिथेच विचारावे आणि त्याच आठवड्यात फाइल उतरवून घ्यावी. दोन प्रती दोन घरांत ठेवाव्यात. फिल्म असेल, तर ती ऊन आणि ओल यांपासून दूर, कागदी पाकिटात उभी ठेवावी. ग्रहण पाहायला तर मुळीच वापरू नये, डोळे जातात. एका कोऱ्या कागदावर तारीख, तपासणी आणि कशासाठी केली, एवढे आपल्या भाषेत लिहून पाकिटावर चिकटवावे. अहवाल इंग्रजीत असतो. डॉक्टरांना 'मराठीत दोन वाक्यांत सांगा' म्हणायला लाजू नये. चित्र पाठवायचे, ते त्या एका डॉक्टरला. गावाच्या, भावकीच्या, शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर नाही. फिल्मच्या कोपऱ्यात रुग्णाचे नाव असते, हे विसरू नये. मोबाइलवर आलेला ओटीपी कोणाला सांगू नये.

आणि मागताना संकोच करू नये. रुग्णाची कागदपत्रे गुप्ततेच्या सबबीखाली रुग्णापासूनच लपवता येत नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितले आहे. वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेप्रमाणे दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदी डॉक्टरांनी तीन वर्षे ठेवायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. तीन वर्षे म्हणजे फार नव्हेत. चौथ्या वर्षापासून आपली नोंद आपणच सांभाळायची, असा त्याचा अर्थ धरावा.

२०११च्या स्कॅनची अम्मीची सीडी आमच्याकडे होती. ती उघडायला गेलो, तर माझ्या मुलाच्या नव्या लॅपटॉपला सीडीची खाच नाही. शेवटी बसस्टँडजवळच्या फोटो स्टुडिओवाल्याकडे जुना संगणक निघाला. सीडी दोनदा अडकली, तिसऱ्यांदा उघडली. सगळे काप पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. एक प्रत बहिणीकडे पुण्याला दिली. साखर दुसऱ्या बरणीत काढली आणि तो स्टीलचा डबा धुऊन, पुसून त्यात सीडी, पेनड्राइव्ह आणि तारखांचा कागद ठेवला.

या पावसाळ्यात अम्मीला पुन्हा खोकला लागला. पुन्हा एक्स-रे, पुन्हा तोच डाग. या वेळचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी फिल्म पाहिली आणि विचारले, ''आजी, जुनी फिल्म आहे का?''

मी तोंड उघडण्याआधीच अम्मीने पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. म्हणाली, ''आहे. बघून झाल्यावर परत द्या.''